रानाईचा शेंदूर

८ एप्रिल

पुरातत्त्वाच्या छाया मॅडम परत आल्या. लेण्यातल्या रानाईचा शेंदूर काढायचाय. थर जाड झाला, आता आत ओल धरून दगड सुटतोय म्हणे. शेंदूर चढवायचा मान आमच्या घराचा, म्हणून सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय. मी म्हटलं, "देवीचं लुगडं सोडायला निघालात, तिला विचारलंत का?" म्हणाल्या, "तुम्हीच विचारा ना, आजी."

बाई हुशार हाय. तेजश्री, हे पण लिव. (नात लिवते, मी सांगते. मला अक्षर येत नाय, बोलणं येतं.)

९ एप्रिल

रानाई कडक. तिच्यापुढं हसायचं नाय. गौरीच्या नाचाची ढोलकीसुद्धा तिच्या वाटेवर गप होते. सासूनं मला सांगितलं, मी सुनेला. ती कोपली तर? आणि शेंदराखाली काहीच नसलं तर — हे कुणाला बोलले नाय.

१० एप्रिल

वर जाऊन विचारलं. बोलली नाय. बाजूच्या बिनशेंदराच्या मूर्तींची नाकं-डोळे पावसानं पुसून नेलेत. हात लावला की पीठ. ही पण आतल्या ओलीनं अशीच गेली तर शेंदूर लावू कुणाला? हो म्हटलं.

लेक सदू म्हणतो, "आये, गावावर काय आलं तर?"

"तर माझं नाव सांग. माझं वय बघून ती पण सोडून देईल."

१६ एप्रिल

कापूस आणि लाकडाची काडी. तासाला तळहाताएवढंच निघतं. वरचा थर माझा. त्याखाली सासूचा. त्याखाली तिच्या सासूचा.

२२ एप्रिल

काय सांगू! आधी बोटं निघाली, मग बांगड्या, मग तोंड. नाक शाबूत, नखंसुद्धा! मॅडम म्हणाल्या, "दोन हजार वर्षं झाली असतील. इतके दिवस पावसापासून शेंदरानंच राखलं हिला. ओल आत्ता कुठं शिरायला लागली होती."

आणि ती हसतेय. हात वर, एक पाय उचललेला. बाजूच्या शेंदरातनं तिचा दादला निघाला, तो पण तसाच. नाचतायत दोघं! ही देवी नसावी, लेण्यात कोरलेलं साधं जोडपं असावं, म्हणाल्या मॅडम.

हिच्या धाकानं मी जन्मभर मान खाली घातली. आणि ही आत नाचत होती.

तिथंच बसले. तेजश्री म्हणते, आजी गप बसली हेच नवल. लिव, कार्टे.

३० एप्रिल

शेंदूर बंद. लांबून हात जोडले. हसू आलं, तर हसले.

१ सप्टेंबर

गौरी. नाच रानाईच्या वाटेवर आला. सदूची ढोलकी थांबली. सगळी माझ्याकडं बघायला लागली.

म्हटलं, वाजव रं. तिनं पाय कधीचा उचललाय.