नऊ कॅसेटी, आणि सगळीकडे मीच

प्रिय विन्या,

एरवी 'मेल्या' म्हणूनच हाक मारायचे तुला. आता ती तोंडातून निघत नाही.

मस्कतहून तुझी पेटी आली. कॅसेट धाडायला आता पत्ता उरला नाही, म्हणून हे लिहितेय. तिसरीपर्यंतची शाळा माझी, अक्षराला हसू नको.

पेटीत दोन शर्ट, एक घड्याळ आणि नऊ कॅसेटी. ऐंशी साली गेलास, तेव्हापासून वर्षाला एक. आधी गाणी, मग तुझं बोलणं, परत गाणी. आणि मी काय करायचे? गाणी ठेवायचे, नि तुझ्या बोलण्यावर लाल बटण दाबून माझं उत्तर भरायचे. नवी कॅसेट कशाला नासा! गावातला कोणी तिकडे परत निघाला की त्याच्याबरोबर तीच धाडायची.

काल सगळ्या लावल्या. गाणी तुझी, आवाज माझा. "कलमांना मोहर नाही." "नीट जेव." "केस काप." आईविना वाढवला तुला, आणि माझ्याच हाताने पुसला!

गाणी मात्र पहिल्यांदाच नीट ऐकली. पहिल्या वर्षीची सगळी नाचाची, ढोल बडवणारी. "डबे आपटतायत काय रे?" असं मी त्यावर विचारलंय. चौथ्या वर्षीची सगळी रडकी. तुझ्या मनातली ती वाऱ्यांची मुलगी दुसऱ्या घरी दिली, त्या वर्षीची. आणि मी काय भरलंय? शेजारची म्हैस व्याली ते! शेवटच्या दोनांत नुसते अभंग. तिशीही न गाठलेल्या पोराला अभंग कशाला लागतात, हे मला तेव्हा का सुचू नये? तू सांगत होतास, मी बडबडत होते.

सहाव्या कॅसेटीत मात्र सापडलास. त्या वर्षी रजा नाही, गणपतीला येत नाही म्हणालास. पुढचं ऐकलंच नाही मी. रागाने एवढंच भरलं, "यायचं नसेल तर नको येऊ. मेलास की कळव." आणि बटण बंद.

त्याच्यापुढे तू आहेस. हसतोयस. "आज्ये, दरवेळी म्हशीचं नि आंब्याचं सांगतेस. यंदा एक गाणं भर ना. भात लावताना म्हणायचीस ते. इथे खोलीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी आजी गाते म्हणून."

आणि त्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं काय? मेलास की कळव!

पुन्हा का नाही मागितलंस रे? चार शिव्या घातल्या असत्या, पण म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू, बहुतेक नसतंच म्हटलं.

रडत नाही मी. त्या कॅसेटची मागची टिकली तेवढी मोडून टाकली. आता तिच्यावर कोणाचाच आवाज चढायचा नाही, माझा तर नाहीच.

उद्यापासून भाताची लावणी. गळ्याचा कावळा झालाय, बायका हसतील. तुला ऐकू येईल असलं काही मी मानत नाही. तरी म्हणणार. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये कोणी काही बोललं तरी थांबायची नाही. शब्द आहे माझा.

तुझी,
आजी