अकराव्या मिनिटाची साखर

३ जून, अल जदीदा
सापडली! कारखान्यातल्या तांबड्या समुद्रशेवाळाची जेली आम्लात उकळून फोडली, गाळणकागदातून गाळली, यंत्रात सोडली. यंत्र एकेक साखर वेगळी काढतं, कागदावर तिचं शिखर उमटतं. ओळखीची सगळी आली. पण अकराव्या मिनिटाला एक अनोळखी! जगाला ठाऊक नसलेली साखर. नावही ठरलं: घितोज. बायकोच्या नावावरून. घिता दोन महिन्यांपूर्वी माहेरी साफीला गेली, ती मला शांतपणे काम करता यावं म्हणूनच. असा समजूतदारपणा हल्ली कुठे बघायला मिळतो?

५ जून
पुन्हा तेच शिखर. शेजारच्या टेबलावरचा इद्दर अदबीनं म्हणाला, "सी मिलूद, एकदा जेली न घालता नुसतं पाणी यंत्रात सोडून बघा की." म्हटलं, बाबा रे, पाण्यात काय बघायचंय? जळतो लेकाचा.
घिताचा फोन नाही. साफीत रेंज नसावी.

९ जून, शुक्रवार, दुपार
शेवाळ बदललं, तरी शिखर आहेच. वा! घरी कुस्कुस केला, चौघांचा झाला. चमचे दोन मांडले. सवय.
संकल्प: शोध जाहीर झाला की स्वतः साफीला जायचं, घिताला घेऊन यायचं. सासूबाई दारातच गार.

१३ जून
घिताचा फोन!! हिवाळ्याचा लोकरी झगा, तिची ती जलाबा, आणि जाड ब्लँकेट बसनं पाठव म्हणाली. जूनमध्ये! तिला पहिल्यापासून थंडी फार. घितोजचं सांगायला लागलो, तर म्हणाली, "मिलूद, वेळेवर जेवतोस ना?" काळजी आहे म्हणजे.

१४ जून
मी नसताना इद्दरनं नुसतं पाणी त्याच गाळणकागदातून गाळून यंत्रात सोडलं. अकराव्या मिनिटाला शिखर. चांगलं घसघशीत. कागदातूनच काहीतरी सुटतंय म्हणे. सगळे हसले. "सी मिलूद, आता बारसं कुणाचं, कागदाचं?" मीही हसलो. रडू येत होतं.
घिताला एवढ्यात कळवायला नको.

१६ जून
बसच्या कचेरीत पार्सल दिलं. कारकून म्हणाला, "ब्लँकेट आत्ता? बाईसाहेबांचा मुक्काम तिकडेच वाटतं?" म्हटलं, छे हो, येणारेय ती परत.
"मग हे कशाला पाठवताय?"
मागे रांग खोळंबली होती. मी पावती घेतली आणि घरी आलो.
घिता येणार नाहीये.