तपकिरी शेवाळाचा वाटा

अल्लाच्या नावाने. मी, रोसमानिदार, राहणार मानिंजाऊ तळ्याकाठी, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे सोडून बाकी सगळं शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते. मला अक्षर येत नाही. लिहिणारा अमरिझाल मशिदीत अजान देतो, तेव्हा माझे टोमणे गाळणार नाही अशी आशा आहे.

१. राहतं घर. त्याबद्दल बोलायचा मला अधिकारच नाही. आईकडून लेकीकडे, या आमच्या चालीने ते माझ्या लेकीचं, युस्निवातीचं. तिचा नवरा जाफ्रिल या घरात पाहुणा, म्हणजे बुंध्यावरची राख. फुंकर मारली की गेली. इतकी वर्षं मी फुंकर मारली नाही, हे उपकार समजावेत.

२. कढई आणि झारा युस्निवातीला. तळ्यातल्या नखाएवढ्या रिनुआक माशांची भजी यात तळून मी संसार केला. आता कढई आहे, मासे नाहीत.

३. ते का नाहीत, हे इथेच लिहून ठेवते. तोंडी सांगितलेलं जावई ऐकत नाही. पूर्वी काठच्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत शेवाळ असायचं. पाण्यातलं सगळं लहानसहान त्यावर जगायचं, रिनुआकही. मला अंदुआंग, म्हणजे आजी, म्हणणारी माझी नात मेस्रा पाडांग शहरात पाण्याचं शिकते. तिने भिंगाच्या यंत्रातून दाखवलं, तर ते काचेच्या डब्यांत राहणारे जीव निघाले!

"अंदुआंग, यांना घर बांधायला वाळूतली काच लागते," ती म्हणाली. "ती संपली की यांची वाढ खुंटते. हिरव्या शेवाळाला काच नकोच. नत्र कमी पडलं तर त्यातलं काही हवेतून ओढून घेतं, वर तरंगून ऊनही अडवतं. त्याला स्फुरद मिळालं की झालं, आणि ते आपण माशांच्या खाद्यातून पोतं-पोतं ओततो."

"म्हणजे घर बांधायचं नाही, हवा खायची, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसायचं? अगं, हा तर तुझा बाप!"

लेक हसली. जावई नाही.

पाणी हिरवं झालं तेव्हा आमाक, म्हणजे आई, अशी हाक मारून हाच म्हणाला होता, "आमाक, पाणी सकस झालंय!" आणि दुप्पट खाद्य टाकलं. मग वारा सुटला, तळाचं सडकं पाणी वर आलं, जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेले मासे पोट वर करून तरंगले. याने वाऱ्याला शिव्या दिल्या आणि नवी पिल्लं आणली.

४. तळ्यातले पिंजरे. ते माझ्या भज्यांच्या कमाईचे, तेव्हा माझ्या मर्जीचे. म्हातारी मोडून टाकायला सांगेल, असं सगळे धरून बसलेत. नाही. सगळे पिंजरे जाफ्रिलला. अमरिझाल, दाराआड कोणीतरी सुस्कारा सोडला, तो लिहू नकोस.

५. हे पिंजरे ज्या काठाला दोरांनी बांधलेत, ती दगडांची पट्टीही माझ्याच कमाईची. ती मेस्राला. दगडांवर पुन्हा तपकिरी शेवाळ धरेपर्यंत तिथल्या खुंट्यांना एकही दोर बांधू नये. पुढचं तिने ठरवावं.

जाफ्रिल आत आला. "आमाक, मग मी पिंजरे ठेवू कुठे?"

"तुझ्या आईच्या घरी. तिथे तू पाहुणा नाहीस."

६. माझ्यामागे रडारड नको. मेस्राने अधूनमधून त्या दगडांवरून अनवाणी चालावं. ज्या दिवशी पाय घसरून आपटेल, त्या दिवशी समजावं, म्हातारी जिंकली.

हे मला वाचून दाखवलं. टोमणे जागच्या जागी आहेत.

रोसमानिदार (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
दातुक राजो मुदो, धाकटा भाऊ (सही)
नुर्हायेमा, शेजारीण (अंगठा, हसताना जरा फिसकटला)

स्थळ: मानिंजाऊ
गुरुवार, ९ नोव्हेंबर २०२३