रुमालाखालचा सौदा

नागपूर, जुलै १९४२

तीर्थरूप आबा,

पायांवर डोकं ठेवतो, पण आज ते डोकं लई तापलेलं हाये.

कॉलेजात नाव लागलं. जेवण बराबर मिळतं, काळजी करू नका. आईचा गुडघा कसा हाये?

आज व्यापारी इंग्रजीचा पहिला तास झाला. दोघांनी उभं राहून इंग्रजीत भाव ठरवायचा होता. मला शब्द सुचेनात. मग सवयीनं खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला अन् समोरच्याची बोटं धरली, जवळा बाजारच्या हाटात तुमी रुमालाखाली बोटं दाबून बकऱ्यांचा भाव ठरवता तशी. सारा वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "ही रानटी रीत इथे चालणार नाही. सभ्य माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतो."

रुमालाखाली दिलेला शब्द तुमी कधी फिरवला न्हाई, अन् मी मुकाट खाली बसलो! त्याचाच जास्ती राग येऊन राहिला.

आता इंग्रजी शिकल्याबिगर घरी येत न्हाई. पहिला सवाल मास्तरलाच करीन: पलटणीसाठी बकऱ्या न्यायला येणारा गोरा साहेब तर इंग्रजीच बोलतो, मग सौदा करताना तो आमच्या आबाला सोडून बकऱ्यांकडंच काहून बघतो?

तुमचाच,
मसाजी