बुजवलेली भेग

ता. ४ ऑगस्ट

प्रिय धाकटे, अनेक आशीर्वाद. वि. वि.

या पत्रातलं वहिनीला काही कळवू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून आधीच बजावतो.

ती माझ्यापासून काहीतरी लपवते आहे. जेवायच्या टेबलावरच्या छताला बारीक भेग होती. वाढते का ते कळावं म्हणून मी कापड बेतायच्या खडूने दोन्ही टोकांना खुणा केल्या. संध्याकाळी बघतो तर भेग नाही, खुणाही नाहीत. भास झाला असेल म्हणाली. नखांत पांढरं होतं, ते म्हणे पीठ. घरमालकही हल्ली तिच्याशी फार गोड बोलतो. दोघांचं काय शिजतंय कोण जाणे. कारखान्याचं छत अंगावर कोसळल्यापासून मला सगळे वेड्यातच काढतात.

पुढच्या रविवारी छकुलीला घेऊन कायमचा तुझ्याकडे येतो.

लोभ आहेच, सध्या तो गुपचूप ठेव.

तुझा दादा

ता. ७ ऑगस्ट

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

सांगू नकोस म्हटलेलं तुम्ही लगेच कळवलंत, बरं केलंत. भेग मीच बुजवली. नुसता गिलावा तडकलाय, असं इंजिनिअर पाहून गेले. पण यांचा घास तोंडापर्यंत जात नाही, नजर वरच. दिसली नाही तर विसरतील वाटलं. घरमालकाशी बोलले ते शिडीसाठी. आता हे लेकीलाही माझ्याजवळ ठेवत नाहीत. फार लागलंय मनाला.

तुमची माया असू द्या, मला तिची गरज आहे.

वहिनी

ता. १० ऑगस्ट

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

आधी ती पुट्टी खरवडून काढा. दादा तुम्हाला बोलला नसेल, दवाखान्यात मला बोलला होता. कारखान्यात त्याच्या टेबलावरच्या छतालाही भेग होती. मालकाने ती आदल्या दिवशी बुजवून घेतली. काही नाही, भास आहे, म्हणत सगळ्यांना कामाला बसवलं.

रागावू नका, तुमचीच

धाकटी

ता. १६ ऑगस्ट

प्रिय धाकटे, अ. आ. वि. वि.

रविवारी बॅग घेऊन दारापर्यंत गेलो होतो. तुझी वहिनी शिडीवर चढून छत खरवडत होती, केस पांढरे झालेले. बुजवली मीच, खोटंही मीच बोलले, म्हणाली. मला रडू आलं. मी शिडी धरली.

भेग होती तेवढीच आहे. इंजिनिअरवर माझा अजून विश्वास नाही. तरी आम्ही तिघं तिच्याखालीच जेवायला बसलो. मी वर बघत, त्या दोघी माझ्याकडे बघत.

तूर्त येत नाही. आठवण ठेव.

तुझा दादा