छाती बेचाळीस

३ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पार्सल काल पोचलं. लोकर मऊ आहे, करडा रंग बाबांना पसंत पडला, आणि इकडे सगळं ठीक आहे. वहिनीला नमस्कार, छोट्याला पापा.

आता भांडायला घेते.

लोकरीबरोबर तू दोन पानं हिशेब पाठवलास. लांबी गुणिले रुंदी, पुढचा भाग, मागचा भाग, त्यातून गळा वजा, आणि शेवटी दशांश चिन्हासकट उत्तर. अरे, तू जन्मात कधी सुईत दोरा ओवलास का? शिंप्याच्या घरात जन्मून तुला शर्टाचं बटण लावायला वहिनी लागते. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं तुझं!

माझा हिशेब साधा होता. आईने विणलेला बाबांचा बिनबाह्यांचा स्वेटर ट्रंकेत पडून पडून कसर लागून वाया गेलाय, तो काढला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नेला आणि तागडीत टाकला. तो म्हणतो, "ताई, हा कसा किलो लावू?" हसू दे त्याला. जो स्वेटर अंगाला नीट बसत होता त्याच्या वजनाइतकी लोकर आणली की झालं, यात चुकायला जागा कुठे आहे? फक्त आईचा स्वेटर दोन सुयांवरचा, आणि मला येतो क्रोशा. क्रोशाचे खांब, म्हणजे उभे टाके, जाड पडतात, लोकर जास्त खातात, म्हणून वर तिसरा हिस्सा धरला. तेवढीच मागवली होती. "असू दे, कमी पडेल" म्हणून तू आणखी दोन गुंडे कोंबलेस ते तुझ्या खात्यावर.

माप घ्यायला गेले तर बाबांनी टेप माझ्या हातातून काढूनच घेतली. "जन्मभर लोकांची मापं घेतली मी. माझं मला ठाऊक नाही? लिही. छाती बेचाळीस, खांदा साडेअठरा, उंची सव्वीस." असं तोंडाने सांगत होते आणि हाताने माझ्या ओढणीची निघालेली शिवण तपासत होते. मी सांगतील तसं लिहून घेतलं.

पत्रं कसली लिहितेस, फोन कर, असं म्हणतोस. फोन केला की बाबा खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि माझी वाक्यं तेच पुरी करतात. त्यापेक्षा हे बरं.

तुझी
धाकटी


९ फेब्रुवारी

दादा,

बाबांनी तुला फोनवर सांगितलं की अर्धीअधिक लोकर उरलीय, आणि तू लगेच मला शहाणपण शिकवायला बसलास. "अंदाज साफ चुकला. माझा हिशेब नुसता वाचला असतास तरी." वाचला होता. तुझ्या हिशेबाने तर त्याहून जास्त उरली असती. आधी काय झालं ते ऐकून घे.

स्वेटर पुरा झाला. बाबांच्या डोक्यातून घातला तर तो खांद्यावरून घसरून दंडावर आला. आरशात न बघताच म्हणाले, "तुझा हात सैल आहे." माझा हात! मी खांब इतके आवळ घालते की पुढच्या ओळीत सुई शिरता शिरत नाही. पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, ती धुऊन, खाली वजन बांधून टांगावी लागते. आठवडाभर बाथरूममध्ये लडी लोंबत होत्या आणि मी त्यांच्यातून वाट काढत अंघोळ करत होते. मग बारीक सुई घेतली, कडेचे खांब कमी केले, पुन्हा केला. पुन्हा सैल. पुन्हा उसवला, म्हणून एवढी लोकर पडून दिसते. करडा रंग बघितला की आता माझ्या डोक्यात तिडीक जाते.

कळत नाही ते हे, की शर्ट त्यांना अगदी बरोबर बसतात. खांद्याची शिवण खांद्यावर, कॉलरमध्ये बोटभर जागा, कुठे ढगळपणा म्हणून नाही. मग माझाच स्वेटर का लोंबतो? वहिनीला विचार. तुला विचारत नाही.

थोडे वाळलेत, ते आहे. वय झालं. जेवणाचे नखरे तर तुला माहीतच आहेत, दोन घास खाऊन ताट सरकवतात आणि मलाच म्हणतात, तू खा, तू रोड झालीस. मध्ये डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळ्या दिल्यात. छोट्याची परीक्षा झाली की मे महिन्यात तुम्ही येणारच आहात, तेव्हा बघशील.

कृपा करून नवा हिशेब पाठवू नकोस.

धाकटी


२ मार्च

दादा,

हे पत्र बाबांना कळू न देता लिहितेय. टाकायलाही मीच जाणार आहे.

दोन आठवड्यांपूर्वी, सोमवारी मी त्यांचे कपडे इस्त्रीला घेतले. एरवी ते काम त्यांचं असतं, दुसऱ्या कुणाला कपड्यांना हात लावू देत नाहीत, पण त्या दिवशी त्यांना उठवेना. निळा शर्ट उलटा केला. बगलेपासून खालपर्यंत जिथे एक शिवण असायला हवी तिथे चार होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, सगळ्या सरळ रेषेत, त्यांच्या बारीक टाक्याच्या. मग मी कपाटच उघडलं. प्रत्येक शर्टाला तेच. पँटींना कमरेत मागच्या बाजूला तेच. मी बाजारात गेले की ते मशीनवर बसत असणार, आणि दर वेळी थोडं थोडं आत घेत असणार. कपडे ढगळ दिसतील कसे?

दादा, मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवते. मला दिसलं नाही रे. त्या कपाटासमोर मला इतका राग आला की सगळे शर्ट ओढून जमिनीवर टाकले. मग एक एक उचलून परत घड्या घातल्या, कारण त्यांना घडी बदललेली कळते.

दुपारी आरामखुर्चीत पुढे झुकून त्यांना डुलकी लागली होती. टेप दिसली की ताठ होतात, म्हणून मी लोकरीचाच धागा घेतला. हळूच पाठीमागून आणला, पुढे दोन्ही टोकं जुळवली आणि ओढला. डोळे मिटलेले तसेच ठेवून म्हणाले, "दोन बोटं आत घाल. माणसाला श्वास घ्यायला जागा ठेवतात."

मी दोन बोटं घातली. टोकं जुळली तिथे धागा तोडला आणि टेपवर धरला.

"बाबा, चौतीस."

"हं."

"तुम्ही मला बेचाळीस सांगितलंत."

"होती की. तुझ्या आईने विणला तेव्हा होती." मग म्हणाले, "दादाला बेचाळीसच सांग. पोराची परीक्षा आहे."

तर मी तुला चौतीस सांगतेय. आणखीही सांगते. डॉक्टर नुसत्या गोळ्या देऊन थांबले नव्हते. तपासण्या झाल्या, पोटात गाठ आहे, आणि या वयात, या तब्येतीला त्यावर काही करण्यासारखं नाही. बाबांना बाहेर बसवून मला म्हणाले, "तुमच्या भावाला बोलावून घ्या." बाहेर आले तर बाबांनी माझं तोंड बघूनच ओळखलं आणि तिथल्या तिथे शपथ घातली, कुणाला कळवायचं नाही. मी गप्प बसले. शपथेला घाबरून नाही. शर्ट नीट बसत होते म्हणून. मला वाटायचं, एवढा नीट शर्ट बसणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय? डॉक्टर काहीही बोलतात. स्वेटर सैल होतोय तर माझंच काहीतरी चुकत असणार, माझा हात, माझी सुई, माझा अंदाज. मला तेच हवं होतं. माझी चूक असती तर मी सुधारली असती.

आणि तू विचारत होतास, लोकर किती उरली.

रागावू नकोस. खरं तर रागाव, मलाही कुणीतरी रागवायला हवंय. इथे रागवायला मी एकटीच आहे आणि समोर ते, ज्यांच्यावर रागावता येत नाही. रात्री-अपरात्री त्यांना उठवायचं, धरून न्यायचं, वर त्यांच्याकडून ऐकायचं की मी ठणठणीत आहे. माझ्या नाकी नऊ आलेत, दादा. हे मी याआधी कधी लिहिलं नाही, कारण तू लगेच एखादी बाई ठेवायला सांगशील. मला बाई नकोय.

थंडी सरली तरी त्यांना सारखं गार वाटतं, म्हणून चौतीसचा स्वेटर करायला घेतला. पाठ झाली. पुढचा भाग होत आला. काल अंदाज घ्यायला तोच धागा पुन्हा अंगाभोवती फिरवला, दोन बोटं धरून. टोकं एकमेकांवर चढली. मी भराभर विणते, पण तेवढं भराभर माझ्याच्याने होत नाही.

तू मे म्हणतोस. मे महिन्याचं माप मला विचारू नकोस. माझ्याकडे ते नाही.

वहिनी छोट्याबरोबर राहील. तू एकटा ये. तिकडून फोन करू नकोस, येतोय म्हणून कळवू नकोस, नाहीतर ते तू यायच्या आत आणखी एक शिवण घालून, कॉलर नीट करून दारात उभे राहतील. आधी त्यांना खुर्चीत बसलेलं बघ. मग जवळ घे. जोरात नको, हाडं लागतात.

शपथ मोडलेली, तुझी वाट बघणारी,
तुझी
धाकटी