मार्झान्नाचा मफलर

१२ मार्च

पोचलो एकदाचे! ओल्शोवा नकाशावर शोधायला भिंग लागतं, पण घर झकास मिळालंय. खाली शेगडीची मोठी खोली, मागे लाकडांचं खोपट, त्यापलीकडे नदी. मिरका घरभर नाचली आणि मग अर्धा तास खोकत बसली. त्या खोकल्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. वॉर्साच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले, पोरीला स्वच्छ हवेत न्या. सहा वर्षांचा जीव तो, अख्खा हिवाळा खोकण्यात गेला. इथल्या शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा रिकामी होती, मी लगेच झडप घातली.

शेजारच्या पेलागियाकाकू बीटाचं सूप आणि खारवलेल्या काकड्या घेऊन आल्या. मिरकाचा गालगुच्चा घेऊन विचारलं, आई जेवायला घालते का नुसते धडेच पाजते? मला काकू आवडल्या.

१७ मार्च

शाळेत मार्झान्ना बनवण्याची धांदल चाललीय. हिवाळ्याची ही गवती बाई एकवीस तारखेला नदीत बुडवली की वसंत आला. आम्हीही लहानपणी बुडवायचो, पण ती सहल असायची. काठावर सॉसेज भाजून खायचं आणि घरी यायचं. इथली माणसं मात्र भलतीच गंभीर. प्रत्येक घरातून तिला एक कपडा जातो, आणि तोही आजारी माणसाच्या अंगावरचा. हेडसर झेनोन यांनी सुजलेल्या पायातला मोजा काढून दिला. मला हसू आवरेना.

संध्याकाळी काकू मिरकाचा लाल मफलर मागायला आल्या. म्हणाल्या, खोकला त्यातच ठाण मांडून बसलाय, जाऊ दे हिवाळ्याबरोबर. तो मफलर तिच्या बाबाने आणलेला, वारला त्याच्या आदल्याच महिन्यात. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. पण गावात नवीन आहोत, उगाच कशाला वाकडं घ्या? दिला मी.

२१ मार्च

बुडवली. वाटेत काकू तीनतीनदा बजावत होत्या: पाण्यात सोडली की पाठ फिरवायची, मागे बघायचं नाही आणि पाण्यातल्या मार्झान्नाला हात तर मुळीच लावायचा नाही. सगळं गाव माना ताठ करून परत निघालं, जणू प्रत्येकाची मान अवघडली होती. मी बघितलं मागे. बाईसाहेब लव्हाळ्यात अडकल्या होत्या, नायलॉनचे मोजे, प्लास्टिकची बटणं, सगळ्या साजासकट! नदीत कचरा टाकू नका म्हणून मुलांपुढे मी घसा कोरडा करायचा आणि गावाने हे करायचं? सगळे पुढे गेल्यावर खाली उतरले आणि ओढून काढली. खरं सांगायचं तर मफलरही हवाच होता. पण गाठ इतकी घट्ट की सुटेना. खोपटात वाळत टाकलीय. वाळली की सोडवीन.

मिरका मघापासून एकदाही खोकली नाही. हवेचा गुण!

२३ मार्च

बर्फ पडतोय. खोकला परत आला आणि आवाज वेगळा आहे, ओला. सकाळी तिच्या उशीवर पाणी सांडलं होतं. वास नदीचा.

हेडसर पाय सुजून अंथरुणाला खिळलेत. निम्मा वर्ग तापाने घरी.

२५ मार्च

कुणीतरी मला पाहिलं होतं. पावाच्या दुकानात गेले तर सगळ्या बायकांनी पाठ फिरवली. दुकानदारीण म्हणाली, पाव संपला. मागे फळीवर आठ-दहा पाव दिसत होते! मीही सुनावलं, अडाण्यांनो, कुठल्या जमान्यात राहता? तेव्हा कोपऱ्यातला एक म्हातारा थुंकला आणि म्हणाला, बाई, तुमची पोर तुम्ही सांभाळा, आमची मढी आम्ही उचलू.

मार्झान्ना खोपटात आडवी होती. आज दाराशी उभी आहे. गावातल्याच कुणाचा तरी चावटपणा. कुलूप घातलंय.

२८ मार्च

कुलूप जसंच्या तसं. ती मिरकाच्या खिडकीबाहेर उभी होती, काचेला टेकून. गवत अजून ओलं. मी फरफटत परत नेली. हात बधिर झालेत, अजून जाणीव नाही.

मिरका म्हणते, ती रोज येते. मफलर परत देते म्हणते, फक्त तू बाहेर ये.

३० मार्च

रस्ते बर्फाने बंद. डॉक्टर येऊ शकत नाहीत. पोरीचे ओठ निळे पडलेत. माझी मिरका — देवा, माझं सगळं घे, पण हिला सोड.

काकूंच्या पाया पडायला गेले. दाराची साखळी न काढता फटीतूनच बोलल्या. जिने काढली तिनेच सोडायची. एकटीने. मागे बघायचं नाही. ती हाक मारील, तुमच्या पोरीच्या आवाजात मारील, तरी नाही. म्हटलं, तेवढा वेळ मिरकाजवळ बसता का? दार लावून घेतलं.

३१ मार्च, सकाळ

निघतेय. मिरकाने विचारलं, मफलरपण जाणार? हो म्हटलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेरून कुलूप लावून जाते.

३१ मार्च, दुपार

सोडली. जिवंत माणसाएवढी जड होती. पाण्याने लगेच ओढून नेली. मी पाठ फिरवली आणि —

आई.

मग, आई, माझा मफलर.

मग, आई, पाणी खूप गार आहे.

ओठ चावून रक्त आलं. वळले नाही. नाही म्हणजे नाहीच वळले! मग सगळं शांत झालं. वाटेत ऊन पडलं, छपरांवरून बर्फ वितळून गळायला लागला. जिंकले मी. पोरगी वाचली.

घराचं कुलूप तसंच आहे.

खिडकी उघडी. खाली स्टूल.

बर्फात छोटी पावलं, माझ्या पावलांवर पावलं ठेवत गेलेली, नदीपर्यंत. परत आलेली नाहीत —

३१ मार्च, संध्याकाळ

कमरेएवढ्या पाण्यात शोधलं. एक बूट मिळाला. सगळं गाव काठावर. मी ओरडले, लव्हाळ्यात लाल दिसतंय, काढा रे कुणीतरी! एकानेही पाण्याला हात लावला नाही. मार्झान्ना आहे म्हणाले. मी पोचेपर्यंत ते लाल —

दारावर थाप. खालच्या बाजूला, लहान हाताची.

खोकतेय.

उंबऱ्याखालून पाणी आत येतंय. फटीतून मफलरचं टोक दिसतंय. काकू रस्त्यावरून किंचाळतायत, उघडू नका, बाई, ती नाही ती —

आई म्हणतेय.

मघाशी वळले नाही. मघाशी ती माझी मिरकाच होती. आता मी —